जुन्या बाजारातली लष्करी पेटी : आठ वस्तू ओळखायच्या आहेत (मोजमापांसह)

कसबा_कप्पा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कुंभारवेशीजवळच्या जुन्या बाजारातून आणलेल्या एका लाकडी पेटीत पुढच्या वस्तू आहेत. लष्करी आहेत एवढं कळतंय, त्यापुढे नाही. फोटो जोडलेत, प्रत्येकात पट्टी शेजारी ठेवली आहे. अजून काहीही घासलेलं-पुसलेलं नाही.

१. पितळी नळी, तीन इंचांच्या आसपास. आट्यांचं झाकण, पण घट्ट बसलंय, उघडत नाही.
२. जाड दोरी. एका टोकाला निमुळतं पितळी वजन, दुसऱ्या टोकाकडे तीन फासे.
३. संगीन. पातं ३०५ मिमी, सपाट, पन्हळ नाही. मुठीपाशी मुकुट, त्याखाली जी.आर.आय., आर.एफ.आय. आणि ११ व ४३ हे आकडे. म्यान चामड्याचं, दोन्ही टोकांना पोलाद.
४. काडतुसाच्या आकाराची पोलादी वस्तू. मधला गाभा थोडा पुढे-मागे सरकतो.
५. पितळी होकायंत्र. झाकणावर ‘केल्व्हिन अँड ह्यूज, लंडन, १९१७’.
६. दुसरं होकायंत्र, जड, काळपट. टी.जी. कंपनी लिमिटेड, लंडन, मार्क ३, १९४२. आत द्रव आहे आणि मोठा बुडबुडा.
७. पत्र्याची छोटी चौकट, आत तिरकी बसवलेली काळसर काच, खाली स्प्रिंगची पकड.
८. पेटीच्या तळाशी एक काडतूस, गोळीसकट. बुडावर के, मग बाण, मग एफ, आणि रोमन सात.

जाणकारांनी मदत करावी.

खडकी_पूल

बाकी सगळ्याला वेळ आहे, आठव्या वस्तूला नाही. म्हणून आधी तेच.

के-बाण-एफ म्हणजे आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना. १८६९ पासूनचा. तेव्हाचं इंग्रजी स्पेलिंग ‘किर्की’, म्हणून आद्याक्षर के. रोमन सात म्हणजे .३०३ ची मार्क सात गोळी, ली-एनफील्ड रायफलची आणि ब्रेनगनची नेहमीची. ठसा दिसला, ओळख पटली. आता मोजायला म्हणूनसुद्धा हातात घेऊ नका.

फोटोत बुडाच्या टोपीवर (घोडा आपटतो त्या मधल्या गोलावर) बारीक खळगा दिसतोय. त्यावरून ‘उडालेलं आहे’ असं धरू नका. गोळी जागेवर आहे याचा अर्थ ते फुटलेलंच नाही. घोडा पडून खळगा झाला आणि पेट घेतला नाही, असं फुसकं काडतूस जिवंतच धरायचं. आतली दारू जुनी झाली म्हणून मेली असंही नसतं. कॉर्डाइट सुकं राहिलं तर अनेक दशकं पेटण्याजोगं राहतं, आणि टोपीतलं मिश्रण धक्क्यानेच पेटण्यासाठी बनवलेलं असतं.

सरावाचं, म्हणजे ड्रिलचं काडतूस असतं तर कवचावर उभ्या खाचा आणि त्यात लाल रंग दिसला असता, किंवा कवचाला आरपार भोक असतं, किंवा टोपीची जागा रिकामी असती. तुमच्या फोटोत यातलं एकही नाही.

काय करायचं नाही: गोळी पक्कडीने ओढायची नाही, हलवून आवाज ऐकायचा नाही, ब्रासोने चकाकवायचं नाही, रॉकेलमध्ये बुडवून ‘निकामी’ करायचं नाही. खिशात घालून दुचाकीवरून चौकीत न्यायचं तर अजिबात नाही. आहे तिथेच, उन्हापासून आणि गॅसपासून लांब, मुलांचा हात पोचणार नाही असं ठेवा आणि ११२ ला फोन करून ‘जुन्या सामानात काडतूस सापडलंय’ एवढं सांगा. ते येऊन नेतील. नेल्याची लेखी पोच घ्या.

हेच बाजारात मिळणाऱ्या खाचाखाचांच्या लोखंडी हातबॉम्बच्या बाबतीत. वरचा रंग पांढरा आहे, म्हणजे सरावाचा आहे, असं विकणारा सांगतो. रंग कोणीही, कधीही मारू शकतो. बुडाची चकती फिरवून आत बघू नका.

कसबा_कप्पा (धागाकर्ता)

धन्यवाद. हात लावत नाही. फोन आजच करतो.

चार_बाय_दोन

१ आणि २ एकाच जागेतल्या वस्तू आहेत. ली-एनफील्डच्या दस्त्याला मागच्या बाजूला जी पट्टी असते, तिला एक लहान झाकण असतं. ते उघडलं की दस्त्यात पोकळी. त्या पोकळीत तेलाची बाटली आणि पुलथ्रू बसतात. तुमची पितळी नळी ही ती बाटली. झाकण उघडलंत की आतून दांडी निघेल, टोकाला चमच्यासारखी चपटी; थेंब थेंब तेल सोडायला ती असते.

झाकण पक्कडीने फिरवू नका. पितळ मऊ असतं, पक्कडीचे दात उमटले की ते कायमचे, आणि ठसा असेल तर नेमका तोच जातो. आत चामड्याची चकती असते. ती सुकून, जुन्या तेलाच्या राळेने चिकटलेली असते. बाटली उभी धरून आट्यांच्या फटीत पातळ मशीन तेलाचे दोन-तीन थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी मान गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, पाचेक मिनिटं धरा. मग रबराच्या हातमोज्याने पकडून आधी घट्ट करण्याच्या दिशेने अगदी जरासं, नंतर उघडण्याच्या दिशेने. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी घट्ट केल्याने राळेचा थर तडकतो, सरळ उघडायला जोर लावला तर मान पिळवटते. निघालं नाही तर पुन्हा तेल, पुन्हा रात्रभर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी निघतंच.

उघडल्यावर चकती फेकू नका. कडक झाली असेल तरी ती मूळची आहे. नवी घालायची तर जुनी कागदात गुंडाळून सोबत ठेवा.

आता दोरी. हे पुलथ्रू. एन.सी.सी. केलेल्यांना ‘पुलथ्रू, चिंदी, तेल’ हे तिन्ही शब्द ओळखीचे असतील. वजन नळीच्या मागच्या तोंडातून टाकायचं, पुढून बाहेर आलं की ओढायचं. फासे तीन का, हा नेहमीचा प्रश्न. वजनाच्या बाजूचा पहिला फासा तारेच्या जाळीसाठी. दुसरा चिंदीसाठी. शेवटचा, टोकाचा, काही अडकलं तर उलट ओढून काढण्यासाठी. चिंदीचं मापही ठरलेलं: नळी पुसायला ४ इंच बाय २ इंच, तेलाचा हात द्यायला ४ बाय दीड. पुसायची चिंदी जाड घेतली की नळीत फसते, आणि जुनी कुजकी दोरी नेमकी तेव्हाच तुटते. म्हणून ही दोरी आता वापरण्यासाठी नाही, जपण्यासाठी आहे. धुऊ नका. सैल वेटोळं करून ठेवा, घडीवर धागे तुटतात.

वजनावर बारीक अक्षरं असण्याची दाट शक्यता आहे. तिथे खडूची पूड बोटाने चोळा, वरची हलक्या हाताने पुसा, अक्षरात राहिलेली पांढरी रेघ वाचा. टॉर्च समोरून नाही, अगदी बाजूने आडवा धरा.

संगीन_वाचक

तिसऱ्या वस्तूकडे येतो. इथे ठशांनी जवळजवळ सगळंच सांगितलं आहे, फक्त ते ओळीने वाचायला हवं.

जी.आर.आय. म्हणजे राजा जॉर्ज, सम्राट. ‘आय’ हे हिंदुस्थानच्या सम्राटपदाचं अक्षर. इंग्लंडात बनलेल्या संगिनींवर नुसतं जी.आर. सापडतं, आय नसतो. आर.एफ.आय. म्हणजे बंगालमधली इशापूरची रायफल फॅक्टरी. ११ आणि ४३ म्हणजे नोव्हेंबर १९४३. पहिला आकडा महिना, दुसरा साल.

या संगिनीचं मूळ घराणं पॅटर्न १९०७. त्या मूळ नमुन्याचं पातं १७ इंची, म्हणजे ४३२ मिमी, आणि त्याला दोन्ही अंगांनी पन्हळ. दुसऱ्या महायुद्धात लांब पातं अडचणीचं ठरलं, म्हणून इशापूरने १२ इंची पाती काढली. त्यात दोन प्रकार सापडतात आणि फरक पन्हळीवरून कळतो. जुनी १७ इंची कापून आखूड केलेली असेल तर पन्हळ जवळपास टोकापर्यंत पोचते, कारण पुढचा सपाट भागच कापला गेलेला असतो. मुळातच १२ इंची बनवली असेल तर पन्हळ नसते. तुमचं पातं ३०५ मिमी आणि सपाट, म्हणजे दुसरा प्रकार. तारखेशीही जुळतं.

आता दुसरी बाजू बघा. तिथे तीन गोष्टी शोधा. एक, बाण, आणि बाणाखाली आय. ही हिंदुस्थान सरकारची मालमत्ता. दोन, फुलीचं चिन्ह. पातं वाकवून चाचणी घेतल्याची खूण. तीन, बारीक मुकुट-आकडा-अक्षर, तपासनिसांचे ठसे. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर दिसले तर ती ब्रिटिश लष्करातून अधिकृतपणे विकून बाहेर काढल्याची खूण. संग्राहकाच्या दृष्टीने ती चांगली गोष्ट आहे.

बाजारात एक चूक सतत होते. १७ इंचीवर ठळक ‘१९०७’ असा आकडा असतो, आणि विकणारे ती १९०७ साली बनलेली सांगतात. तो नमुन्याचा आकडा आहे, बनवल्याचा नाही. बनवल्याची तारीख त्याच्याखाली, महिना आणि सालाचे दोन आकडे अशी असते. ५ १७ असेल तर मे १९१७. मूळ १९०७ ला आडपट्टीवर, म्हणजे मूठ आणि पात्याच्या मधल्या पट्टीवर, पात्याच्या दिशेने वळलेला हूकही होता. तो १९१३ पासून बंद झाला. हूक असलेल्यांची किंमत जास्त, म्हणून जोडून विकतात. आडपट्टीच्या त्या कोपऱ्यात सांध्याची रेघ किंवा धातूचा रंग बदललेला दिसतो का, ते भिंगाने बघावं.

नकली ठसा कसा ओळखायचा? खरा ठसा हातोड्याच्या घावाने उमटलेला असतो. घाव बसला की धातू बाजूला सरकतो आणि अक्षराच्या काठावर बारीकशी उचल राहते, नखाला लागते. अक्षराची खोलीही सारखी नसते, एक बाजू खोल, दुसरी उथळ. यंत्राने कोरलेलं अक्षर सगळीकडे एकसारखं खोल आणि काठ सपाट. शिवाय खऱ्या ठशाच्या तळात जुना काळा थर असतो. आजूबाजूला काळं आणि अक्षराच्या आत मात्र चकचकीत, असं असेल तर ते काल कोरलेलं आहे.

एक माप हवं आहे. आडपट्टीतल्या कड्याचा आतला व्यास व्हर्नियरने मोजा. साडेसोळा मिमीच्या आसपास आला तर ती ली-एनफील्ड एस.एम.एल.ई.ला (आखूड केलेल्या नेहमीच्या ली-एनफील्डला) बसणारी. ठळकपणे मोठा आला तर ‘जंगल कार्बाइन’ नंबर ५ (आणखी आखूड, हलकी ली-एनफील्ड) च्या घराण्यातली असण्याची शक्यता, पण तुमचे ठसे तसं सांगत नाहीत.

दापोडी_वळण

चौथी वस्तू सरावाचं काडतूस वाटते. पोलादी, बिनदारूची. घोडा ओढण्याच्या सरावाला वापरत.

चार_बाय_दोन

दापोडीकर, इथे असहमत. सरावाच्या काडतुसाला सरकणारा गाभा कशाला हवा? धागाकर्त्यांनी ‘गाभा पुढे-मागे सरकतो’ असं लिहिलंय, ओळख तिथेच आहे. हा क्लिअरिंग प्लग. अडकलेलं तुटकं कवच काढण्याचं साधन. मशीनगनच्या सामानात हमखास असायचं.

त्याची गरज का पडते ते सांगतो, म्हणजे आकार समजेल. .३०३ चं काडतूस बुडाच्या कडेवर टेकून बसतं. बोल्ट (काडतुसामागून नळी बंद करणारा सरकता दांडा) आणि नळी यांच्यातली जागा झिजून वाढली की उडताना कवच पुढे-मागे ताणलं जातं. बुडापासून थोडं वर पितळ पातळ होत जातं आणि एखाद्या वेळी तिथेच तुटतं. बूड बाहेर येतं, पुढची नळकांडी कोठीतच, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागातच राहते. पुढचं काडतूस तिच्यात घुसतं आणि बंदूक बंद पडते. अशा वेळी हा प्लग काडतुसासारखाच आत घालायचा आणि बोल्ट बंद करायचा. बोल्टच्या दाबाने गाभा पुढे सरकतो, पुढचं टोक पसरतं आणि तुटक्या कवचाच्या मानेला आतून पकडतं. बोल्ट उघडला की प्लगसोबत कवच बाहेर.

धागाकर्त्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. बुडाला टोपीचा वेगळा गोल दिसतो की एकसंध पोलाद? आणि पुढच्या टोकाला उभ्या चिरा आहेत का? एकसंध बूड आणि पुढे चिरा असतील तर शंका नाही. चुंबक चिकटला एवढ्यावर मात्र निष्कर्ष काढू नका, पोलादी कवचाची खरी काडतुसंही जगात बनली आहेत.

दापोडी_वळण

पटलं. सरकणाऱ्या गाभ्याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. दुरुस्तीबद्दल आभार.

नकाशा_वही

होकायंत्रं. पाचवं नकली आहे आणि ते सिद्ध करायला ते उघडावंही लागत नाही. केल्व्हिन अँड ह्यूज ही कंपनी त्या नावाने १९४७ साली झाली, दोन जुन्या कंपन्या एकत्र येऊन. १९१७ साली त्या नावाने काहीही बनणं शक्य नाही. असलं पितळी सामान आपल्याकडेच शोभेसाठी घाऊक बनतं आणि जुन्या बाजारापासून विमानतळाच्या दुकानापर्यंत सगळीकडे मिळतं. शोभेची वस्तू म्हणून चांगली असते, फक्त किंमत शोभेचीच द्यावी.

अशा नकलांच्या आणखी खुणा लक्षात ठेवा. फुलीच्या खाचेचे स्क्रू: फिलिप्सच्या खाचेचं पेटंटच १९३६ चं, तेव्हा पहिल्या महायुद्धाच्या वस्तूला ते असूच शकत नाहीत, तिथे सरळ एकच खाच हवी. आट्यांचं मापही बोलतं. ब्रिटिश बारीक स्क्रू बहुधा बी.ए. (ब्रिटिश असोसिएशन) मालिकेतले, आट्यांचा कोन साडेसत्तेचाळीस अंश. मोठे व्हिटवर्थ, ५५ अंश. मेट्रिक ६० अंश. आट्यांचा गेज बुधवार पेठेत हत्यारांच्या दुकानात मिळतो. गेज आट्यात ठेवून दिव्यासमोर धरा, फट दिसली की जुळलं नाही. आणि पितळ कृत्रिमरीत्या काळं केलेलं असेल तर बिजागरीच्या आत, जिथे हवा जात नाही, तिथेही तेवढंच काळं असतं. खऱ्या जुन्या वस्तूत तो भाग उजळ असतो.

सहावं खरं आहे आणि चांगलं आहे. मार्क ३, लोलकाचं होकायंत्र, दुसऱ्या महायुद्धातलं. झाकणातल्या खिडकीतून लांबची खूण धरायची आणि लोलकातून त्याच वेळी तबकडीवरचा अंश वाचायचा. तबकडी तिरकी करून पाहा, शिंपल्यासारखी चमक येईल. ती शिंपल्याचीच आहे. द्रव तबकडीची थरथर थांबवण्यासाठी. बुडबुडा म्हणजे सील सुकून द्रव झिरपला आहे. मोठा बुडबुडा तबकडीला अडतो, म्हणून आता त्याच्यावर दिशा काढू नये.

आता कळकळीची सूचना. यातले आकडे आणि रेघा अंधारात चमकाव्यात म्हणून रेडियमचा रंग लावलेला असतो. आज तो चमकत नाही, कारण रेडियमबरोबरचं झिंक सल्फाइड मेलं आहे. रेडियम मेलेलं नाही. त्याचा अर्धा भाग कमी व्हायलाच १६०० वर्षं लागतात. काच शाबूत असेपर्यंत कपाटात ठेवायला हरकत नाही. पण द्रव भरण्यासाठी उघडू नका, रंग खरवडू नका, सांडलेला द्रव हाताने पुसू नका. धोका त्या रंगाची पूड नाका-तोंडात जाण्यात आहे. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडेही देऊ नका. त्याला माहीत नसेल तर तो ब्रशने झाडायला बसेल. झिपच्या पिशवीत, उशा-बिछान्यापासून लांबच्या कपाटात, आणि हाताळल्यावर साबणाने हात.

कलम_पंचेचाळीस

कायद्याचं थोडक्यात लिहितो, कारण याच पेटीत तीन वेगळ्या वर्गांतल्या गोष्टी आहेत.

शस्त्र अधिनियम १९५९. जिवंत काडतुसाला कलम ३ प्रमाणे परवाना लागतो, वस्तू कितीही जुनी असो. त्याबद्दल वर खडकी_पूल यांनी लिहिलं ते तसंच करावं.

संगीन: शस्त्र नियमांच्या अनुसूचीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची, घरकाम-शेती-कारखाना सोडून इतर कामाची धारदार शस्त्रं पाचव्या वर्गात येतात आणि त्यात संगिनीचं नाव स्पष्ट आहे. तुमचं पातं १२ इंची, म्हणजे त्यात बसतं. परवाना लागतो का, हे कलम ४ खाली त्या भागासाठी अधिसूचना आहे का यावर अवलंबून, म्हणून पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारा. ती घेऊन रस्त्यावर फिरणं हा वेगळा विषय. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शहरात वेळोवेळी शस्त्रबंदीचे आदेश निघतात आणि त्यात संगीन-तलवार असतेच. प्रदर्शनाला न्यायची तर आधी विचारा.

सुटे भाग: कलम ४५ मध्ये दोन सवलती आहेत. जुन्या घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोलाचं किंवा मोडकं हत्यार, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. आणि शस्त्राचे किरकोळ भाग, जे इतर पूरक भागांबरोबर वापरण्याचा हेतू नाही. तेलाची बाटली, पुलथ्रू ही तर साफसफाईची साधनं. पण लोक जिथे फसतात ती गोष्ट वेगळी आहे. आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी जोडवस्तू कायद्याच्या व्याख्येतच ‘अग्निशस्त्र’ आहे. बाजारात कधीकधी शंकूच्या आकाराचा पोलादी तुकडा ‘कसलं तरी नरसाळं’ म्हणून विकायला येतो. तो जंगल कार्बाइनचा फ्लॅश हायडर असू शकतो. ओळखता आलं नाही तर विकत घेऊ नका. बोल्ट, नळी, कोठी यांचंही तेच. व्याख्येत अग्निशस्त्राचे भागही आहेत.

ठासणीची जुनी बंदूक कोणाच्या माळ्यावर असेल तर तिच्यात दारू ठासलेलीच आहे असं समजून चाला. परवानाधारक बंदूक-कारागिराकडून तपासून घेतल्याशिवाय घोडा उचलून दाखवण्याचा प्रकार करू नका.

भिंग_आणि_पट्टी

सातवी वस्तू राहिली. काचेतून आरपार दिसतं का? आणि बाजूच्या उघड्या अंगातून पाहिलं तर प्रतिबिंब दिसतं का? काच किती अंशात तिरकी आहे, कंपासपेटीतला गुण्या लावून सांगा.

दापोडी_वळण

पेरिस्कोपचा आरसा असेल का? खंदकातून डोकं वर न काढता बघण्यासाठी असायचे.

कसबा_कप्पा (धागाकर्ता)

मोजलं. काच ४५ अंशांत बसली आहे, गुण्या बरोबर टेकतो. समोरून आरपार दिसतं, थोडं काळसर. बाजूने पाहिलं तर समोरच्या खिडकीचं अंधुक प्रतिबिंब दिसतं. चौथ्या वस्तूचं बूड एकसंध आहे आणि पुढच्या टोकाला चिरा आहेत. संगिनीच्या कड्याचा आतला व्यास १६.५ मिमी. दुसऱ्या बाजूला खडू चोळल्यावर बाण, त्याखाली आय, आणि फुली दिसली. काडतूस पोलीस घेऊन गेले, पोच मिळाली.

भिंग_आणि_पट्टी

मग तो पेरिस्कोप नाही. पेरिस्कोपच्या आरशातून आरपार दिसायचं कारण नाही. हा एम करेक्टर (इंग्रजी ‘एम’ म्हणजे नेम), नेमबाजी शिकवण्याचं साधन. आपल्याकडच्या प्रशिक्षणाच्या पुस्तकांतही हाच शब्द आहे.

पकड रायफलवर, मागच्या साइटच्या मागे बसते. नेम धरणारा जवान काचेतून आरपार बघतो. त्याला साइट आणि लक्ष्य नेहमीसारखं दिसतं, जरासं काळपट. उस्ताद त्याच्या बाजूला काटकोनात बसून काचेत बघतो. ४५ अंशांमुळे जवानाला दिसणारं तेच चित्र वळून त्याच्याकडे येतं, फक्त डावं-उजवं उलट. त्यामुळे पुढची टोकणी मागच्या खाचेत मधोमध आहे का, माथे बरोबरीला आहेत का, नेम लक्ष्याच्या कुठे लागला आहे, हे उस्तादाला त्याच क्षणी दिसतं. काच काळसर का, तर पूर्ण पारदर्शक काचेत उजेडामुळे प्रतिबिंब उमटत नाही आणि आरशातून जवानाला दिसणार नाही. दोघांचं काम भागेल एवढी ती गडद केलेली असते. याच कामाचं आणखी साधं साधन म्हणजे आय डिस्क (इथे ‘आय’ म्हणजे डोळा), मधे भोक असलेली चकती. ती उस्ताद डोळ्याला लावतो आणि जवान त्या भोकावर नेम धरतो. अर्थात हे रिकाम्या रायफलवर, तेही आधी उघडून दाखवून.

या पेटीत मला सगळ्यांत मोलाची हीच वस्तू वाटते. तेलाच्या बाटल्या हजारोंनी सापडतात. कागदाएवढ्या पातळ पत्र्यात बसवलेली, न फुटलेली काच क्वचित राहते. काच ओल्या कापडाने पुसू नका. फुंकणीने धूळ उडवा, पुरे.

चार_बाय_दोन

जतनाचं थोडं. पावसाळा तोंडावर आहे आणि पुण्याची हवा जुलैत चामड्याला आणि पोलादाला दोन्हींना वाईट.

संगीन म्यानात घालून ठेवू नका, हे पहिलं. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि ओल मिळून पात्यावर ठिपक्याठिपक्यांचा गंज धरतो, आणि तो नेमका म्यानाच्या आत, न दिसणारा. पातं वेगळं, म्यान वेगळं. पात्यावरचा तांबडा गंज काढायचा तर चार शून्याची पोलादी लोकर, तेलात भिजवून, पात्याच्या लांबीच्या दिशेनेच; गोल गोल नाही, सँडपेपर तर नाहीच. काळा थर तसाच राहू द्या, तो संरक्षण आहे. नंतर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. म्यानाला गोडेतेल, मोहरीचं तेल लावण्याची पद्धत सोडा. ते चामड्यात शिरून पुढे राळ होतं आणि धूळ धरतं. कोरड्या ब्रशने साफ करा, आत ब्लॉटिंग पेपरची सैल गुंडाळी सरकवून आकार धरा.

पितळी रिवेटांभोवती हिरवट मेणासारखं दिसतं ते चामड्यातल्या चरबीचं आणि तांब्याचं लवण. लाकडी दातकोरणीने काढा; सुईने काढलं की पितळावर ओरखडे पडतात. पितळाला ब्रासो नको. एकदा चकाकतं ते खरं, पण प्रत्येक वेळी ठशाचा थर जातो.

कसबा_कप्पा (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. बाटलीचं झाकण आज दुसऱ्या रात्रीनंतर निघालं. आत दांडी आहे, टोक चमच्यासारखं चपटं, जसं सांगितलं तसंच. चामड्याची चकतीही शाबूत आहे. पुलथ्रूच्या वजनावर खडू चोळल्यावर एक बाण आणि त्याखाली आय दिसतोय, पुढची दोन अक्षरं अर्धवट. वस्तूंना चिठ्ठ्या लावतोय. संगिनीच्या चिठ्ठीवर ‘पॅटर्न १९०७, इशापूर, १९४३’ लिहू का?

संगीन_वाचक

‘पॅटर्न १९०७’ एवढंच लिहिलंत तर पुढे कोणीतरी १७ इंची समजेल. असं लिहा: ‘इशापूर, नोव्हेंबर १९४३, १९०७ नमुन्यावरून, पातं ३०५ मिमी, बिनपन्हळीचं, कडं १६.५ मिमी, मागे बाण-आय व फुली’. शिसपेन्सिलीने, सुती दोऱ्याने मुठीला बांधा. चिकटपट्टी नको, तिचा डिंक धातूवर राहतो. वजनावरच्या त्या अर्धवट अक्षरांचा फोटो आडव्या उजेडात, दोन्ही बाजूंनी एकेक टाका. डावीकडून न दिसलेली रेघ उजवीकडून दिसते.